पॅलेडियमच्या नळीला तडा

१

टेबलावर पांढऱ्या रुमालात ती नळी ठेवली होती आणि तिच्याभोवती चौघं जण मयताला आल्यासारखे तोंडं पाडून उभे होते. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "आधी चहा सांगा. गेलेल्याला घाई नसते."

कुणी हसलं नाही. अवघडच होतं म्हणायचं.

मी मिरियम पेणकर. माझी सगळी नोकरी कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करण्यात गेली. काय फुटलं, का फुटलं, कुणाच्या हातून फुटलं, हे शोधायचं आणि शिव्या खायच्या. आता निवृत्त आहे. पनवेलला सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. मुलगा येहुदा इस्रायलमध्ये, अश्दोदला असतो. तो फोनवर म्हणतो, "आई, आता गप घरी बस." मी "बसते हो" म्हणते आणि रिक्षा बोलावते.

त्या शुक्रवारी बोलावणं आलं ते महादेवकडून. पूर्वी आम्ही एकाच खतकारखान्यात होतो. मी चौकशीला गेले की हा हमखास वाफेच्या भट्टीपाशी सापडायचा. आता तो पनवेलबाहेरच्या एका लहानशा संशोधन संस्थेचा संचालक आहे. केस पांढरे झाले, पण बोलताना हात चोळायची सवय तशीच.

"मिरियमताई, ही आमची पॅलेडियमची एकुलती एक नळी," तो म्हणाला. "परदेशातून मागवलेली. दुसरी यायला वर्ष जाईल."

नळीचं काम सोपं करून सांगते. मिथेन म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात पाइपातून येतो तो गॅस. भट्टीत वाफेबरोबर तापवला की त्यातून हायड्रोजन सुटतो. नळीवर पॅलेडियम नावाच्या धातूचा पातळ थर असतो आणि तो फक्त हायड्रोजनला पलीकडे जाऊ देतो. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो ना, तसं. हायड्रोजन तयार होईल तसा बाजूला काढत गेलं की मागचा मिथेनही नेटानं फुटत राहतो. नळीत कुठे किती तापमान असेल, किती हायड्रोजन निघेल, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर गणितानं मांडायचं, त्याला मॉडेल म्हणतात. हे मॉडेल बांधलं होतं दिपा हिलमनं. माळडुंग्याच्या पलीकडच्या वाडीतली मुलगी. आई साळू वीटभट्टीवर राबली आणि ही इथवर पोचली. पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू होतं.

"यंत्र दिपाच्या ताब्यात होतं," महादेव माझ्याकडे न बघता म्हणाला. "विश्वस्त म्हणतायत, हलगर्जीपणा झालाय. आज संध्याकाळी तिची शिष्यवृत्ती थांबवल्याचं पत्र जाणार. मला वाटतं, तिनं केलेलं नाही. पण मला वाटून काय उपयोग? तुम्ही शोधा."

मी नळी उचलली. तडा बाहेरून मार बसल्याचा नव्हता. सगळा थर सुरकुतून उकलला होता. मी विचारणार, एवढ्यात कोपऱ्यातली सडसडीत मुलगी पुढे आली. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

"मॅडम, चौकशी नको," ती म्हणाली. "नळी मीच तडकवली."

२

कबुली आली की पोलीस खूश होतात. मला शंका येते. अपघातात खरी कबुली इतक्या लवकर येत नाही, आधी चार सबबी येतात.

बाकीच्यांना बाहेर काढून मी दिपासमोर चहाचा कप सरकवला.

"कशी तडकवलीस, सांग बरं."

"भट्टी बंद केली. आधी नायट्रोजन सोडायला विसरले."

पॅलेडियमची ही एक खोड आहे. तापलेलं असताना ते हायड्रोजनला गुण्यागोविंदानं वागवतं. पण हायड्रोजन आत असताना गार होऊ दिलं, की फुगतं, आक्रसतं आणि तडकतं. म्हणून भट्टी बंद करण्याआधी नायट्रोजन सोडून सगळा हायड्रोजन हाकलून द्यायचा, हा इथला पहिला धडा.

"आणि बंद का केलीस?"

"चुकून."

"मग परत चालू केलीस? नळी तडकल्याचं कळलं तेव्हा भट्टी चालूच होती म्हणे."

"हो. लगेच."

"लगेच केली असतीस तर भट्टी गार झाली नसती आणि नळीही तडकली नसती, बाळा. खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

तिचे कान लाल झाले. कपाला तिनं हात लावला नव्हता.

मी विचारलं, "त्या दिवसाची नोंद कुठाय?" तर म्हणाली, नोंद नाही. खंडेनवमी होती. प्रयोगशाळेत अवजारांची पूजा झाली, त्यासाठी कॉम्प्युटरही बंद करून त्याला हार घातला होता. सकाळी पूजेआधी सगळं ठीक होतं. जेवणं झाल्यावर कॉम्प्युटर चालू केला, तर हायड्रोजनच्या बाजूला मिथेन येत होता. म्हणजे चाळणीला भोक पडलेलं.

"आणि कॉम्प्युटर चालू केला तेव्हा तापमान?"

"भट्टीचं बरोबर होतं."

"सगळीकडचं?"

ती घुटमळली. "टोकाच्या जाड लोखंडी कड्याचं कमी होतं. हळूहळू चढत होतं."

"अगं मग झालंच की! कडं जाड, ते सगळ्यात उशिरा तापतं. ते किती मागे राहिलंय त्यावरून भट्टी कधी बंद झाली आणि कधी चालू झाली, हे तुझं मॉडेल सांगेल. उलटं चालव ना ते. अजून चालवलं नाहीस?"

तिनं कीबोर्डवरचा हात असा मागे घेतला, की जणू चटकाच बसला.

"नको," ती म्हणाली. "मला नाही चालवायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जिनं एवढी वर्षं खपून मॉडेल बांधलं, तिलाच त्याला प्रश्न विचारायचा नव्हता. ही पोरगी उत्तराला घाबरत होती. आणि स्वतःच्या अपराधाला घाबरणारं माणूस आधीच कबुली देऊन मोकळं होत नाही. तिला भीती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची होती.

३

रूपेश भोईर इथला तंत्रज्ञ. सुकापूरचा. दणकट गडी, पण माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखा बसला.

"आमच्यात खंडेनवमीला कुठलीच मशीन चालत नाय, मॅडम. धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं आन् तिला एक दिवस आराम द्यायचा. मी सरांना बोललो पन, भट्टी बंद ठेवू. तर सर सगळ्यांसमोर गरजले, म्हनले, प्रयोग महिनाभर अखंड चालायला पायजे, हार घाला पन बटनाला हात लावाल तर खबरदार! मग आमी कशाला लावतोय हात?"

"राग नाही आला?"

"आला ना! पन मशीन माजी हाय. तिचं वाईट करीन काय मी? आन् बंद केलीच असती, तर आदी नायट्रोजन सोडला असता. झोपेत बी सोडीन."

हे मला पटलं. राग असलेला माणूस यंत्र बंद करून पुन्हा चालू करत बसत नाही.

स्वानंद दिपाचा सहकारी. याची स्वतःची नळी चिनी मातीची, आणि पुढच्या वर्षीचा निधी त्याला मिळणार की दिपाला, यावर संस्थेत पैजा लागलेल्या. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला हाच चोर वाटावा. मी तसं तोंडावर सांगितलं.

"वाटणारच," तो म्हणाला. "पण मॅडम, माझ्या नळीचं गणितही मी दिपाच्याच मॉडेलवर करतो. ती गेली तर मी रस्त्यावर येईन. आणि खरं सांगू? ती माझ्यापेक्षा हुशार आहे. एकदा तरी तिच्या तोंडावर हे म्हणायला हवं होतं मी."

"तिला सांग, मला काय सांगतोस? बरं, पूजेला कोण कोण होतं?"

"आम्ही सगळे. सरांनी पूजा केली. घरच्यांनाही बोलावलं होतं, पण आली फक्त दिपाची आई. पहिल्यांदाच आल्या त्या. आरती झाली, मग मागच्या शेडमध्ये जेवायला बसलो." तो दाराकडे बघू लागला.

"आता बोल. अर्धवट बोललेलं मला पचत नाही."

"जेवण चालू असताना दिपाची आई उठून परत प्रयोगशाळेत गेली. एकटीच. दिपा शोधायला गेली आणि येताना दिपाचा चेहरा पांढराफटक होता."

म्हणजे असं होतं तर. मी खिडकीशी गेले. बाहेर फाटकापाशी नऊवारीतली एक बाई रखवालदाराशी हुज्जत घालत होती.

"माज्या पोरीला सोडा," ती ओरडत होती. "मशीन मी मोडली हाय!"

४

एकाच नळीला दोन-दोन गुन्हेगार! आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

साळूबाईंना मी आत आणलं. पाणी दिलं. भांडं वर धरून, ओठ न लावता त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रूपेशनं फोन करून सांगितलं होतं, पोरीवर बालंट आलंय, तशा त्या मिळेल त्या टेम्पोनं आल्या होत्या.

"बाय, माज्याच हातानं झालं. ती काय बोलंल ते खोटं हाय. मला काय करायचं ते करा, तिची शाळा बंद करू नका."

"बरं. काय केलंत ते दाखवा मला."

आम्ही यंत्रापाशी गेलो. झेंडूचे हार सुकून लोंबत होते. साळूबाईंनी इकडे-तिकडे बघितलं आणि मोठ्या धिटाईनं एका नळावर बोट ठेवलं.

"ह्यो फिरवला."

तो हात धुवायचा नळ होता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हात हातात घेतला.

"साळूबाई, मला पण एक मुलगा आहे. त्याच्यासाठी मीही असलाच नळ दाखवला असता. आता खरं सांगा. जेवण सोडून आत का आलात?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पोरगी रात्रंदीस हिच्याच गोष्टी सांगती. आरतीला लोकांच्या मागं हुती, नीट दिसली नाय. म्हनलं, एकदा डोळं भरून बघावी. जिनं माज्या लेकीला सांभाळली, तिच्या पाया पडावं. म्हनून आली. हात नाय लावला, बाय. पोटाशपथ."

"मग पोरीनं केलं असं का वाटलं तुम्हाला?"

साळूबाईंनी मान खाली घातली.

"आदी सांगा, तिला काय हुनार नाय ना?"

"नाही होणार. माझा शब्द."

"तो लाल दिवा हाय ना वरचा, आरतीच्या आदी पेटलेला बघितला हुता मी. एकली आत आली तवा इझलेला हुता. मला वाटलं, दिपानंच मशीनला निजवलं असंल सनाचं. मग ती धावत आली, मला हाताला धरून भायेर नेलं. तिचा हात कापत हुता. तवाच म्हनलं, पोरीच्या हातनं कायतरी झालंय."

लाल दिवा म्हणजे भट्टी चालू असल्याची खूण. म्हणजे आई आत आली तेव्हा भट्टी आधीच बंद होती. लेकीनं दाराशी उभं राहून काय बघितलं? विझलेला दिवा आणि बटणांसमोर हात जोडून उभी असलेली आई. जोडलेले हात तिला मागून दिसले नसणार. तिनं गृहीत धरलं, आईनं काहीतरी दाबलं. आईनं गृहीत धरलं, लेकीनं. आईला बाहेर न्यायच्या घाईत दिपाला भट्टी सुचली नाही, आणि ती परत चालू कुणी केली हेही तिनं नंतर विचारलं नाही. आणि दोघी एकमेकींना पोटाशी धरून खोटं बोलत होत्या.

पण भट्टी बंद कुणी केली?

५

मी दिपाला बोलावून आणलं. आईला बघून ती थिजली. "तू कशाला आलीस गं?" म्हणाली.

"गप बस दोघी," मी म्हटलं. "दिपा, मॉडेल उलटं चालव. तुझी आई जेवणाच्या मध्यावर आत आली. भट्टी त्याआधी बंद झाली असेल तर ती सुटली. चालव म्हणते ना!"

तिनं कीबोर्ड पुढे ओढला. कड्याचं तापमान, भट्टीचं तापमान, एकेक वेळ घालून ती बघत गेली. भट्टी आईच्या वेळी बंद झाली असं धरलं, की आकडे जुळेनात. मागे मागे सरकत गेली. शेवटी एका ठिकाणी दोन्ही रेषा एकमेकींवर नीट बसल्या.

"आरतीच्या सुमारास बंद," ती पुटपुटली. "आणि जेवणं उरकत आली तेव्हा चालू. मॅडम, आई नाही! आईनं नाही केलं!" आणि तिनं टेबलावर डोकं ठेवून हुंदका दिला. साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काय चाललंय ते त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं.

आरतीच्या वेळी सगळेच त्या खोलीत होते. म्हणजे भट्टी भरल्या सभेत बंद झाली आणि कुणाला दिसलं नाही. मी चहा मागवला आणि विचार करत बसले. दिवस शुक्रवारचा. सूर्य मावळायच्या आत मला घरी पोचून दिवा लावायला हवा होता. शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागला की आमच्याकडे कामाला हात लावायचा नाही. लहानपणी आजोबा शुक्रवारी दुपारीच तेलाचा घाणा थांबवत, आणि बैलाचं जू उतरवताना त्याच्याशी प्रेमानं बोलत.

तो बैल आठवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नळी मोडायला कुणी आलंच नव्हतं. कुणीतरी यंत्राला विसावा दिला होता आणि विसावा झाल्यावर परत उठवलं होतं.

मी महादेवच्या केबिनमध्ये गेले. तो पत्रावर सही करायला पेन उघडून बसला होता, पण सही होत नव्हती.

"सापडलं," मी म्हटलं. "नीट ऐक. भट्टी बंद करणं सोपं. पण परत चालू करताना तापमान पुन्हा ठरवून टप्प्याटप्प्यानं चढवावं लागतं. ते साळूबाईंना जमणार नाही. जमेल अशी माणसं चार. त्यातल्या दिपा, रूपेश आणि स्वानंदला नायट्रोजनचा धडा पाठ आहे. ज्याला भट्टी चालू करता येते पण पॅलेडियमची खोड अंगवळणी नाही, असा माणूस एकच राहतो. जन्मभर मोठ्या वाफेच्या भट्ट्या चालवलेला. तिथे विटांच्या भिंती, घटकाभर आग थांबली तरी ढिम्म होत नाही. इथली भट्टी स्टोव्हसारखी, विझली की गार. आणि आरतीच्या वेळी कुंकू लावायला बटणांपाशी एकाचाच हात होता."

महादेवच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

"पण मी तर अगदी थोडा वेळ..." तो म्हणाला.

६

तो पाणी प्यायला, मग बोलला. त्याच्या वडिलांची पनवेलमध्ये लोखंड कातायची लेथ मशीन होती. खंडेनवमीला ते लेथवर धुतलेली चादर घालत आणि मुलांना सांगत, आज हिला हाक मारायची नाही. संचालक झाल्यावर महादेवनं सगळ्यांसमोर सांगितलं, असले लाड चालणार नाहीत. पण आरती म्हणता म्हणता त्याला वाटलं, सगळ्यांना विसावा आणि हिलाच तेवढी राबवायची? कुंकू लावता लावता त्यानं बटण दाबलं. जेवणं उरकत आली तेव्हा मागच्या दारानं येऊन चालू केलं.

"मी गॅसही तसाच सोडला होता, ताई. एवढ्यानं काही होत असेल हे मनातही आलं नाही. खरंच वाटत होतं, दुसऱ्या कुणाच्या हातून झालंय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"माहीत आहे रे. चोर स्वतःहून मला कशाला बोलावेल? पण भट्टी बंद केली होतीस हे ठाऊक असताना तू गप्प बसलास. रूपेशवर ओरडला होतास, त्याची लाज वाटली. आणि तिकडे ती पोरगी बुडत होती."

तो रडला. साठीचा माणूस लहान मुलासारखा रडला आणि मला त्याची कणव आली. मग त्यानं दिपाचं पत्र फाडलं, विश्वस्तांना फोन लावला आणि माझ्यासमोर स्वच्छ शब्दांत सांगितलं, "चूक माझी आहे. मुलीचा काडीचाही दोष नाही. तिची शिष्यवृत्ती चालू राहील, आणि माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

प्रयोगशाळेत जाऊन त्यानं सगळ्यांसमोर साळूबाईंपुढे हात जोडले. रूपेशकडेही वळला, तर रूपेशच म्हणाला, "जाऊ द्या सर. इच्छा तर माजी बी हुती."

साळूबाई मात्र लगेच विरघळल्या नाहीत.

"सायेब, बापानं शिकवलं ते केलंत, त्यात वाईट काय नाय," त्या म्हणाल्या. "पन मशीन जिची, तिला आदी इचारायचं हुतं."

"हो," महादेव म्हणाला. "विचारायला हवं होतं."

दिपानं डोळे पुसले. नळी गेली होती, पण कुठल्या तापमानाला किती वेळ राहिली तर ती तडकते, याचा खराखुरा दाखला आता तिच्या हातात होता. नवी नळी येईपर्यंत त्यावर एक अख्खं प्रकरण होईल, असं ती म्हणाली. स्वानंद म्हणाला, "मी मदत करतो. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, पण टायपिंग माझं बरं आहे." तेव्हा कुठे ती हसली.

उन्हं कलली होती. आम्ही तिघी एकाच रिक्षात बसलो. मला पनवेलला सोडून त्या दोघी पुढे वाडीवर जाणार होत्या. रिक्षा हमरस्त्याला लागली. मग साळूबाईंनी हळूच विचारलं, "दिपे, तुला खरंच वाटलं, मी मोडली?"

दिपानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "हो," म्हणाली. "वाटलं."

"एवढी वरसं खपलीस तिच्यावर. मग माज्यावर ओरडली का नायस? एक सबूद बी बोलली नायस."

"ओरडून काय करू? नळी दुसरी येईल गं. तू एकदा घाबरलीस, तर परत कधी इथे पाऊल टाकणार नाहीस."

साळूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मोठ्यानं रडू लागल्या. रिक्षावाल्यानं आरशात बघून गाडी हळू केली. मी त्याला म्हटलं, "तू चालव रे बाबा, काही झालेलं नाही." दिपा आईला बिलगली आणि म्हणाली, "सोमवारी ये माझ्याबरोबर. सगळी मशीन उघडून दाखवते तुला."

"येईन की," साळूबाई नाक ओढत म्हणाल्या. "पन डबा घिऊन येईन. सकाळधरनं पोटात काय नाय तुज्या."